"आधी रोस्टर दाखवा," म्हणाल्या मॅडम

समुपदेशन केंद्रातल्या पहिल्या भेटीत मॅडमनी मला विचारलं, "सिस्टर, या महिन्याचं रोस्टर आहे का मोबाइलमध्ये?" मी रडायच्या तयारीने गेले होते. पर्समध्ये दोन रुमाल ठेवले होते. आणि या बाई ड्युटी चार्ट मागत होत्या. फोटो होताच, प्रत्येक नर्सच्या फोनमध्ये असतो. त्यांनी तो मोठा करून बघितला, पेन्सिलीने कागदावर उतरवला आणि मोजत बसल्या. अकरा नाइट. चार डबल ड्युट्या. ऑफ म्हणून लिहिलेले चार दिवस, त्यातल्या दोन दिवशी फोन करून बोलावून घेतलेलं. एके ठिकाणी सकाळी आठला नाइट उतरून त्याच दिवशी दुपारी दोनला परत हजर. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे असं कधीपासून चाललंय?" मी म्हटलं, "मार्च २०२० पासून." तेव्हा २०२३ चा फेब्रुवारी चालू होता.

या मॅडमच्या समुपदेशन केंद्राबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. केंद्र मिरजेत आहे. नाव लिहीत नाही, कारण मिरजेत दवाखान्यातली सगळी माणसं एकमेकांना ओळखतात, आणि तिथे येणाऱ्यांकडे कुणाचं लक्ष जाऊ नये असं मॅडमनीच सांगितलंय. पण तिथे काय मिळतं, काय मिळत नाही, किती पैसे लागतात आणि कुठे अडतं, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझ्यासारख्या आयसीयूतल्या सिस्टर आणि ब्रदर लोकांसाठी लिहितेय.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर आहे. खासगी हॉस्पिटलच्या दहा बेडच्या आयसीयूत सोळा वर्षं झाली. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. कोकणातून, कर्नाटकातून पेशंट येतात. त्यामुळे गर्दी आम्हाला नवी नाही, मरणही नवं नाही. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले, मिरजेचं सिव्हिल कोविडसाठी राखीव झालं आणि पुढे आमचं आयसीयूही. तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. तिला तासगावला माझ्या आईकडे ठेवलं. महिनाभर म्हणून ठेवलं आणि ती सात महिने राहिली.

बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. सहा-सहा तास पीपीई किट, पाठीवर मार्करने लिहिलेलं नाव, पाणी प्यायचं नाही कारण बाथरूमला जाता येत नाही. २२ मार्चला लोकांनी थाळ्या वाजवल्या तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी घरमालकीण दारातून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही दुसरीकडं सोय बघा, आमच्यात म्हातारी माणसं आहेत." तिचा राग मी कधीच सोडून दिला. ती घाबरली होती.

दुसऱ्या लाटेबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण तिथेच काहीतरी तुटलं. एचएफएनसी मशिनवर, म्हणजे नाकातल्या नळीने जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशिनवर, एका पेशंटला मिनिटाला साठ लिटरपर्यंत ऑक्सिजन जातो. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर असतो. म्हणजे एका माणसाला एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. एप्रिल २०२१ मध्ये हा हिशोब मी झोपेतसुद्धा करत होते. २१ एप्रिलला नाशिकला टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली आणि वीसहून जास्त पेशंट गेले. दोनच दिवसांनी विरारला आयसीयूला आग लागली. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात कुणी काही बोललं नाही, पण प्रत्येक जण येता-जाता भिंतीवरच्या, ऑक्सिजनचा दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजकडे बघत होता. जेवताना मी घास घेऊन उठायचे, गेज बघून यायचे, परत बसायचे. काटा जागेवर असायचा. तरी पाच मिनिटांनी परत उठायचे.

आयसीयूत एका पेशंटला एक नर्स, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये पाठ केलेलं. तेव्हा दहा पेशंटला आम्ही तिघी होतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला पालथं करायचं, म्हणजे प्रोनिंग करायचं, तर पाच-सहा माणसं लागतात. एक जण नुसती ट्यूब धरून डोक्याशी उभी राहते, दोघं-दोघं दोन्ही बाजूंना. पालथं केलं की सोळा तास तसंच ठेवायचं, दर दोन तासांनी मान फिरवायची, गालाला आणि हनुवटीला जखम होऊ नये म्हणून उशा बदलायच्या. हे सगळं तिघींनी, वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावशींना हाताशी घेऊन केलं. आणि ज्यांची मान वेळेवर फिरवायची राहिली, त्यांच्या गालावरची जखम मी पावडर लावताना आरशात माझ्याच गालावर बघायचे. हे मी मॅडमना सांगेपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी मिस्टरांनासुद्धा.

कोविड ओसरला. लोकांचे मास्क उतरले. मी मात्र घरी मिक्सर लावला की दचकायची, कारण आमच्या एका व्हेंटिलेटरच्या अलार्मची सुरुवात तशीच होते. कुकरच्या शिट्टीला हात आपोआप वर जायचा, अलार्म सायलेन्स करायला. हे दीड वर्ष चाललं. मग उलटं झालं. जानेवारी २०२३ मध्ये एका नाइटला पहाटे चारच्या सुमाराला सात नंबरचा मॉनिटर वाजायला लागला आणि मी उठले नाही. ऐकू येत होतं. लाल दिवा दिसत होता. मी खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होते, जणू दुसऱ्या कुणाच्या घरातला टीव्ही चाललाय. ज्युनिअर सिस्टर धावत गेली. बोटावरचा प्रोब निघाला होता एवढंच, पेशंट ठीक होता. ती परत येऊन म्हणाली, "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, "झोप लागली होती." झोप लागली नव्हती.

त्याआधी आमच्या हॉस्पिटलने काही केलंच नाही असं नाही. २०२१ च्या पावसाळ्यात ताणतणाव व्यवस्थापनावर एक तासाचं व्याख्यान ठेवलं होतं. वेळ सकाळी साडेआठची, म्हणजे नाइट उतरलेल्यांनी घरी जायचं सोडून बसायचं. वक्त्यांनी सकारात्मक विचार करा, रोज कृतज्ञतेची वही लिहा, योग करा असं सांगितलं. आम्ही कोविड योद्धे आहोत, देवदूत आहोत, असंही म्हणाले. शेजारची सिस्टर बसल्या जागी झोपली होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. शेवटी सामोसा आणि फ्रूटीचा बॉक्स दिला आणि हजेरीवर सह्या घेतल्या. माणूस वाईट नव्हता. पण त्याने आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही, आणि देवदूताला आपण कधी विचारतही नाही की बाबा, तुझी झोप झाली का.

म्हणूनच मॅडमनी रोस्टर मागितलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी नाडीला हात लावला.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. एका सेशनचे सहाशे रुपये, पन्नास मिनिटं. मॅडम घड्याळाकडे बघत नाहीत, पण वेळेत संपवतात. मी सुरुवातीला आठवड्यातून एकदा अशी आठ सेशन घेतली, मग महिन्यातून एकदा अशी सहा. पहिल्या दिवशी मराठीत छापलेली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली देतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी आहे, कशात मन लागतं का, भूक कशी आहे, असे प्रश्न. या पीएचक्यू-९ मधला शेवटचा प्रश्न, आपण मेलेलं बरं असं वाटतं का, हा आहे. मी 'काही दिवस' वर खूण केली आणि कागद उलटा करून ठेवला. मॅडमनी तो सरळ केला आणि शांतपणे विचारलं, "काय वाटतं नेमकं? काही करावंसं वाटतं का, ठरवलंय का काही?" मी सांगितलं की करावंसं काही वाटत नाही, पण स्कूटीवरून नाइटला जाताना मनात येतं की एखादा छोटा अपघात झाला तर पंधरा दिवस पडून राहता येईल. कुणी इतकं सरळ विचारलं म्हणून मी इतकं सरळ सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना चिठ्ठी दिली, मिस्टरांना फोन करायची परवानगी माझ्याकडून लिहून घेतली, आणि नाइटला जायची-यायची जबाबदारी थोडे दिवस मिस्टरांवर टाकली. स्कूटीची किल्ली त्यांच्याकडे. गोळ्या सुरू झाल्या, नऊ महिने घेतल्या, डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. रोज ट्रेमधून दुसऱ्यांना देतो तीच गोळी आपण घेताना लाज का वाटावी, हे मला अजून नीट सांगता येत नाही, पण वाटली.

बर्नआउट हा शब्द मी तोवर वर्तमानपत्रात वाचला होता. मॅडमनी तो कागदावर उलगडून दाखवला. अंगातलं बळ संपणं हा त्याचा एक भाग. कामापासून मन लांब जाणं, माणसं नकोशी होणं हा दुसरा. आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय यावरचा विश्वास उडणं हा तिसरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०१९ पासून त्याची व्याख्या आहे, आणि तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणी साचलेला आणि ज्याचं काही केलं गेलं नाही असा ताण, असं म्हटलंय. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, व्याख्येतच कामाची जागा आली की नाही? मग सगळा दोष स्वतःकडे कशाला घेता?" त्या दुसऱ्या भागापाशी मी थांबले. कोविडमध्ये आम्ही पेशंटना नंबरानेच बोलायला लागलो होतो. पूर्वी "पाटील काकांचं युरिन आउटपुट कमी आहे" म्हणायचो. नंतर "चार नंबर". एकदा चहात बिस्कीट बुडवताना मी म्हटलं होतं, "सहा नंबर गेला," आणि बिस्कीट खाल्लं. मला वाटायचं मी निगरगट्ट झाले. मॅडमनी सांगितलं की हात भाजू नये म्हणून आपण फडकं घेतो तसं मनाने घेतलेलं ते फडकं आहे. ते सोडायला वेळ लागेल, ओढून काढू नका.

आता आजींबद्दल. तिसऱ्या सेशनला मॅडमनी विचारलं, "डोळे मिटले की काय दिसतं?" मी लगेच म्हटलं, "कवळी." मग खूप वेळ काही बोलता आलं नाही.

पेशंट आत आला की त्याच्या वस्तू आम्ही प्रॉपर्टी रजिस्टरला लिहितो. सोनं आहे असं लिहायचं नसतं, 'पिवळ्या धातूचे' असं लिहायचं असतं. जतकडच्या एका आजींच्या नावापुढे माझ्या अक्षरात असं आहे: पिवळ्या धातूच्या बुगड्या २, हिरव्या काचेच्या बांगड्या ६, जर्मनचा डबा १, मोबाइल १, कवळी १. श्वासाला दाबाने मदत करणाऱ्या बायपॅप मशिनचा मास्क घट्ट बसवून लावायचा होता आणि कवळी सैल होती, म्हणून काढून डबीत ठेवली. तिसऱ्या दिवशी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला टॅब घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. आजींनी माझा हात धरला. मास्कच्या आतून म्हणाल्या, "बाई, ती कवळी दे की गं. ल्योक बघंल. बोळकं तोंड बघून घाबरंल पोरगं." मी म्हटलं, "आजी, नंतर देते. आता मास्क काढता येत नाही." पलीकडे दोन नंबरचा अलार्म वाजत होता. आजींनी पदर ओढून तोंडावर घेतला, मास्कच्या वरून, आणि नुसते डोळे ठेवून मुलाशी बोलल्या. दोन दिवसांनी व्हेंटिलेटर, मग संपलं. किट घालून मीच पिशवी बांधली. रजिस्टरला मुलाची सही घेतली. कवळी १.

मॅडमनी "तुम्ही बरोबरच केलंत" असं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मी उठून आले असते. त्यांनी विचारलं, "मास्क काढला असता तर काय झालं असतं?" मी म्हटलं, "सॅच्युरेशन, रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, साठच्या घरात गेलं असतं." "हे तेव्हा माहीत होतं?" "हो." "आणि वेळ असता तर दुसरं काय केलं असतंत?" त्यावर मला उत्तर आलं, इतकं पटकन की मलाच आश्चर्य वाटलं. दोन मिनिटं जास्त थांबले असते. कॅमेरा वर करून नुसतं कपाळ आणि डोळे दिसतील असा धरला असता. मुलाला आधी सांगितलं असतं की आई मास्कमध्ये आहे, कवळी काढलीय, तिला वाईट वाटतंय. फक्त दोन मिनिटं. मॅडम म्हणाल्या, "मग तुमच्याकडे माया कमी नव्हती. दोन मिनिटं कमी होती. ती कुणी काढून घेतली?" आणि मला परत रोस्टर आठवलं. दहा बेड, तिघी.

याला नैतिक जखम म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे या डॉक्टरांनी ती कल्पना मांडली. जे योग्य आहे ते माहीत असूनही करता न आल्याची जखम. भीतीने होणाऱ्या त्रासापेक्षा ती वेगळी असते आणि "घाबरू नका" म्हटल्याने बरी होत नाही. त्या दिवशी मॅडमनी शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, आजी इथे बसल्यात असं समजा आणि सांगायचं राहिलं ते सांगा. मी आजींना काय सांगितलं ते लिहीत नाही. घरी येऊन चार तास सलग झोपले, गेजचा काटा न बघता.

सगळंच पहिल्या झटक्यात जमलं नाही. त्यांनी मला डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावलं, आणि मी मनात श्वास मोजायला लागले. मिनिटाला चोवीस. चोवीस म्हणजे पेशंटकडे लक्ष ठेवावं लागेल. पुढच्या क्षणी मला पालथी माणसं दिसायला लागली आणि मी डोळे उघडले. आयसीयूतल्या नर्सला श्वासावर लक्ष द्या म्हणणं म्हणजे तिला परत ड्युटीवर पाठवणं. मी तसं सांगितलं. मॅडमनी तिथल्या तिथे मान्य केलं आणि वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, हात कशात असले की डोकं गप्प बसतं? मी म्हटलं, भाकरी थापताना. तेव्हापासून माझा व्यायाम तो. ज्वारीचं पीठ, ऊन पाणी, तळव्याखाली पिठाची कड कुठे जाड आहे, कुठे चिरतेय, एवढंच बघायचं. ड्युटीवर असेन तर नळाखाली हात धरून पाण्याचा गारवा मोजायचा. ज्यांना श्वासाचा व्यायाम लागू पडतो त्यांनी जरूर करावा. ज्यांना नाही पडत त्यांनी गप्प बसून सहन करू नये, सांगावं. या केंद्रात सांगितलेलं ऐकून घेतात, माझ्या दृष्टीने हीच त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

आता जे खटकलं ते. फोन केल्यावर पहिली वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. त्या तीन आठवड्यांत माझं काहीही होऊ शकलं असतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, आता तातडीच्या फोनसाठी रोज एक वेळ मोकळी ठेवतात असं ऐकते, पण अनुभव नाही. जिना अंधारा आणि चढा आहे, एखादीचे गुडघे दुखत असतील तर त्रास होईल. पाटी रिक्षा स्टॉपकडे तोंड करून लावलीय, अक्षरं लांबून वाचता येतात, त्यामुळे मी पहिले दोन महिने खालच्या मेडिकलमधून क्रोसिन घेऊन मगच वर जायची. काउंटरवरची मुलगी चांगली आहे, पण पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर "कुठल्या हॉस्पिटलच्या सिस्टर?" असं मोठ्याने विचारलं, तेव्हा परत फिरावंसं वाटलं. आणि सहाशे रुपये. खासगीत काम करणाऱ्या नर्सला महिन्याला चोवीसशे जड जातात. मानसिक आजाराला विम्यात इतर आजारांसारखंच स्थान द्यायचं असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे एक पावतीही पास झाली नाही. कोविड ड्युटीत मृत्यू आला तर घरच्यांना ५० लाखांचा विमा होता, तो हवाच होता, कितीतरी घरं त्यावर उभी राहिली असतील. जी जिवंत राहून आतून संपत गेली तिच्या सेशनचे पैसे कुठून यावेत, याचा विचार मात्र करायचा राहून गेला.

ज्यांना सहाशे परवडत नाहीत त्यांच्यासाठी तिथेच महिन्याच्या शेवटच्या रविवारी चार वाजता नर्सिंग स्टाफचा गट बसतो. शंभर रुपये, चहा धरून. मला एकटीच्या सेशनइतकाच, खरं तर थोडा जास्त, त्याचा उपयोग झाला. सात-आठ जणी असतो आणि एक ब्रदर. पहिल्या रविवारी तोच आधी बोलला. प्रत्येक मयत झाकताना त्या माणसाची माफी मागायची सवय लागलीय आणि ती घरी पोराला पांघरूण घालतानाही तोंडातून निघते, म्हणाला. कुणी काही सल्ला दिला नाही. एका सिस्टरने त्याच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली. मग एकेक जण बोलायला लागली. तिथे कुणाला प्रोनिंग म्हणजे काय हे समजवावं लागत नाही, हे किती मोठं सुख आहे.

त्याच गटात मॅडमनी सांगितलं की अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधल्या जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने एक पद्धत सुरू केली. पेशंट गेल्यावर सगळ्यांनी हातातलं काम थांबवून काही क्षण गप्प उभं राहायचं, त्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी धडपडलेल्यांसाठी. मी आमच्या इन्चार्ज सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "वेळ कुठाय?" मी म्हटलं, "एक मिनिट, मॅडम." पुढच्या वेळी एक काका गेले तेव्हा आम्ही उभ्या राहिलो. मी त्यांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. वॉर्डातल्या मामांनी डोक्यावरची टोपी काढली. मिनिट झालं आणि आम्ही कामाला लागलो. आता आमच्याकडे बहुतेक वेळा तसं होतं, गडबडीच्या नाइटला राहूनही जातं.

या केंद्राने माझं रोस्टर बदललं नाही, बदलू शकणारही नव्हतं. मॅडमनी आठव्या सेशनला स्वतःच सांगितलं, "मी तुम्हाला सावरू शकते, चौथी नर्स आणू शकत नाही." हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून माझा विश्वास वाढला. मी तो पेन्सिलीचा कागद घेऊन मेट्रनकडे गेले. अकरा नाइट आणि चार डबल, तारखांसकट. रडले नाही, आवाज चढवला नाही. नाइटनंतर त्याच दिवशी ड्युटी लावायची नाही एवढंच मागितलं. तीन महिने लागले, दोन सिस्टरनी माझ्याबरोबर सही केली, आणि ते झालं. नर्स अजूनही कमीच आहेत. दहा बेडला आता चौघी असतो, कुणी रजेवर गेली की तिघी. यावर कुठलंही सेशन हा उपाय नाही, आणि हॉस्पिटलनी समुपदेशकाचा नंबर नोटीस बोर्डावर लावून भरतीचा विषय बंद करू नये.

मी आता ठीक आहे का? मिक्सरला दचकत नाही. मुलगी दहा वर्षांची आहे, तासगावचे सात महिने तिला फारसे आठवत नाहीत, मला आठवतात. अलार्म वाजला की उठते. एप्रिलमध्ये मात्र अजूनही पंधरा दिवस जड जातात. तेव्हा आधीच एक सेशन सांगून ठेवते.

ज्यांना मिरजेला येणं शक्य नाही त्यांच्यासाठी टेली-मानस आहे, १४४१६. सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, फोन फुकट, चोवीस तास. मी एकदा नाइटला पहाटे तीन वाजता लिनन रूममधून केला होता. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, घाई केली नाही, आणि त्या वेळेपुरतं मला उभं केलं. मनात स्वतःला संपवायचे विचार असतील तर तीन आठवड्यांनंतरच्या तारखेची वाट बघू नका, आधी इथे फोन करा, घरातल्या एका माणसाला सांगा.

केंद्र सकाळी दहाला उघडतं, पण नाइट उतरून येणाऱ्यांसाठी गुरुवारी साडेआठपासून बसतात. हे आमच्या रविवारच्या गटाने मागून घेतलंय. त्या वेळी रिक्षा स्टॉपवर फारसं कुणी नसतं. रिकाम्या पोटी जाऊ नका, जिन्याच्या उजव्या हाताला धरायला लोखंडी पाइप आहे. आणि महिन्याच्या रोस्टरचा फोटो बरोबर ठेवा, त्या मागतात.